भाषा निवडणारे आणि निवड निस्तरणारे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०२५ मध्ये एक घोषणा केली आणि संगणक-अभियंत्यांच्या जगात काही दिवस मोठी खळबळ उडाली. टाइपस्क्रिप्ट ही या कंपनीने २०१२ मध्ये जगापुढे ठेवलेली भाषा. संकेतस्थळे घडविणारे असंख्य अभियंते आज ती वापरतात. तिचा कंपायलर, म्हणजे अभियंत्याने लिहिलेला मजकूर तपासून त्याचे रूपांतर करणारी आज्ञावली, तोपर्यंत टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. तो यापुढे ‘गो’ या भाषेत उतरविला जाईल, असे कंपनीने जाहीर केले. ‘गो’ ही गूगलची. आणि घोषणा करणारे अँडर्स हायल्सबर्ग हे मायक्रोसॉफ्टच्याच ‘सी-शार्प’ या भाषेचे जनक. पोटचा मुलगा कर्तासवरता असताना शेजाऱ्याच्या मुलाच्या कमरेला किल्ल्या बांधाव्यात, तसा हा प्रकार अनेकांना वाटला. सी-शार्पच्या अभिमान्यांनी गहजब केला तो त्यामुळेच.

हायल्सबर्ग यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र अगदीच साधे होते. जुन्या कंपायलरची मांडणी ज्या धाटणीची होती ती ‘गो’च्या धाटणीशी जुळणारी होती, त्यामुळे जुना मजकूर जवळजवळ ओळीला ओळ ठेवून नव्या भाषेत नेता येत होता. सी-शार्प निवडली असती तर सारी मांडणीच नव्याने करावी लागली असती. सुमारे पंधरा लाख ओळींचा एक मोठा प्रकल्प तपासण्यास जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत होते, तेथे नव्याने ७.५ सेकंदांत काम उरकले, हेही त्यांनी दाखवून दिले. तथापि या स्पष्टीकरणाचा रोख कोणती भाषा श्रेष्ठ यावर नव्हता. हाताशी आधीच काय आहे आणि त्याची कमीतकमी मोडतोड करून पुढे कसे जाता येईल, एवढाच विचार त्यामागे होता. हा विचार इतका व्यवहारी आहे की तो कोणालाही सहज सुचावा. प्रत्यक्षात कंपन्यांच्या बैठकींत तोच सर्वांत शेवटी सुचतो, आणि पुष्कळदा सुचतच नाही.

संकेतस्थळांच्या बाबतीत तर या निवडीला विशेष महत्त्व येते. संकेतस्थळाचे दोन भाग असतात. वाचकाच्या किंवा ग्राहकाच्या यंत्रावर ब्राउझरमध्ये जे चालते ते एक, आणि कंपनीच्या सर्व्हरवर जे चालते ते दुसरे. पहिल्या भागात निवडीला वाव जवळजवळ नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत, आणि तरीही तीस वर्षांत तिला ब्राउझरमधून कोणी हलवू शकलेले नाही. गूगलने २०११ मध्ये ‘डार्ट’ आणून तो प्रयत्न केला, पण इतर ब्राउझरांनी तिला थारा दिला नाही. टाइपस्क्रिप्ट टिकली ती जावास्क्रिप्टशी भांडण न मांडता तिच्याच पंक्तीला बसल्यामुळे. सर्व्हरच्या बाजूला मात्र पूर्ण मोकळीक असते. जावा, सी-शार्प, पीएचपी, पायथन, रुबी, गो अशा दहा-बारा भाषा तेथे सुखाने नांदतात, आणि मोकळीक आहे म्हणूनच तंटेही तेथेच होतात.

या तंट्यांत वेगाचा मुद्दा हिरीरीने मांडला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की सर्वसाधारण संकेतस्थळावर एखादे पान दाखविण्यास जो वेळ लागतो त्याचा मोठा भाग माहितीसाठ्याकडून उत्तर येण्याची वाट पाहण्यात आणि जाळ्यावरून मजकूर ये-जा करण्यात खर्ची पडतो. भाषा मंद आहे की चपळ, हे त्या हिशेबात फारसे दिसतही नाही. ते दिसू लागते ते संकेतस्थळ अफाट वाढल्यावर. आणि अफाट वाढण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ट्विटरच्या वाट्याला ते आले. २००६ मध्ये सुरू झालेली ही सेवा रुबी भाषेत, ‘रेल्स’ या सांगाड्यावर उभारलेली होती. रेल्स २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि थोड्या माणसांनी थोड्या दिवसांत संकेतस्थळ उभे करण्याचे ते उत्तम साधन होते. पुढे लोकांची झुंबड उडाली आणि सेवा वारंवार कोलमडू लागली. ती बंद पडली की पडद्यावर पक्ष्यांनी उचलून धरलेल्या देवमाशाचे चित्र दिसे. ते चित्र सेवेइतकेच प्रसिद्ध झाले. २००८ च्या सुमारास कंपनीने पाठीमागची कामे एकेक करून स्काला आणि जावा या भाषांकडे वळविण्यास प्रारंभ केला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक सारा डोलारा हलविला. ३ ऑगस्ट २०१३ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवर एक गाजलेला अ‍ॅनिमेशनपट चालू असताना एका सेकंदाला १,४३,१९९ संदेशांचा विक्रम झाला, तेव्हा सरासरी प्रमाण सेकंदाला ५,७०० च्या आसपास होते. सेवा डळमळली नाही.

या कथेवरून ‘रुबी टाकाऊ’ असा निष्कर्ष त्या काळी घाईघाईने काढला गेला. तो दोन कारणांनी चुकीचा होता. एक तर भाषाबदलाबरोबरच ट्विटरने एकाच अवाढव्य आज्ञावलीचे अनेक स्वतंत्र सेवांमध्ये विभाजन केले होते. यशाचे श्रेय भाषेला किती आणि या फोडणीला किती, याची वाटणी करणे सोपे नाही. दुसरे असे की, याच रुबीवर आणि याच रेल्सवर गिटहब व शॉपिफाय या प्रचंड सेवा पुढेही उभ्या राहिल्या. शॉपिफायने तर भाषा टाकून देण्याऐवजी भाषाच सुधारण्यावर पैसा लावला. तिच्या अभियंत्यांनी रुबीसाठी नवा कंपायलर लिहिला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो मूळ रुबीत समाविष्ट झाला. ज्याचा लाभ झाला त्याने त्याची परतफेड केली. उद्योगांच्या जगात असे क्वचित घडते म्हणून त्याची नोंद करणे अगत्याचे आहे.

फेसबुकची कथा याहून बोधक आहे, कारण तिच्यात एका तिऱ्हाइताची फरफट झाली. २००४ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी पीएचपी वापरली ती काही अभ्यासपूर्वक निवड नव्हती. एखाद्या विद्यार्थ्याला त्या वेळी सहज हाताशी येणारी तीच भाषा होती. पुढे यंत्रांवरील खर्च डोईजड झाला तेव्हा लक्षावधी ओळींचा मजकूर फेकून देणे शक्यच नव्हते. म्हणून कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘हिपहॉप’ ही आज्ञावली जाहीर केली. ती पीएचपीतील मजकुराचे सी-प्लस-प्लसमध्ये रूपांतर करी आणि त्यामुळे यंत्रांवरील भार सुमारे निम्म्याने घटला, असे कंपनीचे सांगणे होते. त्यातून पुढे ‘एचएचव्हीएम’ हे नवे इंजिन निघाले, आणि २० मार्च २०१४ रोजी ‘हॅक’ ही पीएचपीतूनच फुटलेली नवी भाषा जगापुढे आली. सर्व मजकूर एकदम न बदलता तो हळूहळू शिस्तीत आणण्याची सोय तिच्यात होती. फेसबुकपुरते पाहिले तर हे धोरण अत्यंत शहाणपणाचे होते. जुने न मोडता नवे उभे करण्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

एचएचव्हीएम सर्वांना मोफत उपलब्ध होते, आणि विकिपीडियाने २०१४ च्या अखेरीस ते स्वीकारले. लाभही झाला. लेख संपादित करून जतन करण्यास लागणारा वेळ निम्म्यावर आला. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला यंत्रांचा खर्च वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा हा प्रकार होता. स्पर्धेच्या रेट्याने मूळ पीएचपीही जागी झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिची सातवी आवृत्ती पुष्कळच वेगवान होऊन बाहेर आली. मग २०१७ मध्ये फेसबुकने जाहीर केले की एचएचव्हीएमचा मार्ग यापुढे ‘हॅक’चा असेल आणि पीएचपीच्या सातव्या आवृत्तीशी मेळ राखण्याचे बंधन ते पाळणार नाही. २०१९ च्या प्रारंभी निघालेल्या आवृत्तीत पीएचपीला स्थान उरले नाही. यात फेसबुकने कोणाचा विश्वासघात केला असे म्हणता येणार नाही. त्या कंपनीने ते इंजिन स्वतःच्या गरजेसाठी बांधले होते, आणि गरज बदलली तसे ते बदलले. परंतु विकिपीडियाला सामानसुमान बांधून परत फिरावे लागले, आणि पीएचपीच्या मूळ घरी परतण्याचे ते काम सप्टेंबर २०१९ मध्ये पुरे झाले. पाच वर्षांपूर्वी जेथून निघाले तेथेच पुन्हा मुक्काम! लाभ खोटा नव्हता; पण परतीचा प्रवासखर्च पहिल्या दिवशी कोणी हिशेबात धरला होता की काय, हा प्रश्न राहतोच.

भाषेची मालकी कोणाकडे, तिचा सांभाळ कोण करतो आणि त्याचे त्यात काय हित आहे, हा प्रश्न म्हणूनच तिच्या व्याकरणाहून मोठा ठरतो. जावाचे उदाहरण ताजे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये आणलेली ही भाषा २०१० मध्ये ती कंपनीच विकली गेल्याने ओरॅकलकडे आली. त्याच वर्षी ओरॅकलने गूगलवर जो दावा लावला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये गूगलच्या बाजूने निकाल लागेपर्यंत चालला. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने आपल्या जावा-वितरणाचे शुल्क आकारण्याची नवी पद्धत आणली. जावा वापरणारी माणसे किंवा यंत्रे न मोजता कंपनीतील सर्वच नोकर मोजायचे, अशी ती पद्धत. जावा हे नाव ज्याने कधी ऐकले नाही असा कारकूनही त्या मोजणीत आला. ओपन-जेडीके हा मोफत पर्याय उपलब्ध आहे आणि बहुतेकांनी त्याचा आश्रय घेतला किंवा घ्यावयास हवा. पण आपल्या कोठल्या यंत्रावर कोणते वितरण बसले आहे, हे शोधण्यातच अनेक कंपन्यांचे महिने गेले असतील तर नवल नाही.

पीएचपीचा धोका नेमका उलट्या बाजूचा होता. ज्यांची सर्व्हरकडील भाषा ओळखता येते अशा संकेतस्थळांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे पीएचपीवर चालतात, असे या विषयाची गणना करणारे सांगतात. आणि या सर्वांचा भार वाहणाऱ्या भाषेचे गाभ्याचे काम मोजक्या दोन-चार माणसांच्या खांद्यावर होते. त्यांतील एक प्रमुख अभियंता दुसऱ्या कामाकडे वळणार असे २०२१ मध्ये कळले, तेव्हा धावपळ होऊन नोव्हेंबरमध्ये पीएचपी फाउंडेशनची स्थापना झाली. धर्मशाळेत उतरणारे हजारो आणि विहिरीचा गाळ काढणारे दोघे, अशी ही स्थिती. भारतात बंगळूरच्या झेरोधा या शेअरदलाली कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला दरसाल दहा लाख डॉलरपर्यंत साहाय्य देण्याचा निधी जाहीर केला. आपले घर ज्या खांबांवर उभे आहे त्यांची डागडुजी आपणच करावी, हे कळलेल्या भारतीय कंपन्या अजून बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

मालकीनंतर प्रश्न येतो माणसांचा. पॉल ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘व्हायावेब’ हे दुकाने थाटून देणारे संकेतस्थळ लिस्प या जुन्या आणि विद्वत्मान्य भाषेत लिहिले. प्रतिस्पर्ध्यांना महिने लागत ती कामे आपण दिवसांत करीत होतो, असे ग्रॅहम यांनी पुढे अभिमानाने लिहिले, आणि १९९८ मध्ये याहूने ते संकेतस्थळ सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरच्या शेअरांच्या मोबदल्यात घेतले. म्हणजे निवड अचूक ठरली. पण काही वर्षांनी याहूने तोच मजकूर सी-प्लस-प्लस आणि पर्लमध्ये नव्याने लिहून काढला. निवडणाऱ्यांना जी भाषा हातातल्या तलवारीसारखी वाटली, ती वारसदारांना पेलवणारी नव्हती. ग्रॅहम यांच्याच पाठबळाने २००५ मध्ये निघालेल्या ‘रेडिट’नेही आरंभी लिस्पच वापरली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती सोडून पायथन धरली, कारण दैनंदिन कामाला लागणारे तयार, पारखलेले सुटे भाग लिस्पमध्ये पुरेसे नव्हते. याला अपवाद नाहीत असे नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅप’ने एरिक्सन कंपनीत दूरध्वनी केंद्रांसाठी जन्मलेली अर्लांग ही अल्पपरिचित भाषा निवडली, आणि २०१४ मध्ये फेसबुकने ते घेतले तेव्हा ४५ कोटी लोकांची सेवा अवघे ३२ अभियंते सांभाळीत होते. तेथे काम आणि भाषा यांचे गोत्र एकच होते. असा योग आला तर अल्पसंख्य भाषाही तारून नेते.

माणसे मिळेनाशी झाली की काय होते ते एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दिसले. करोनाच्या साथीत बेकारी भत्त्यासाठी अर्जांचा लोंढा आला. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकारांपुढे येऊन कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांची याचना करावी लागली, कारण भत्त्याची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांचा जो शोध घ्यावा लागला, त्याची येथे आठवण व्हावी. दप्तरे शाबूत असतात, पण ती वाचणारा हयात आहे की नाही, यावर त्यांचे मोल ठरते. न्यू जर्सीच्या प्रकरणाला पुढे आणखी एक वळण मिळाले. मार हिक्स या इतिहासकारांनी त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात दाखवून दिले की कोलमडला तो अर्ज भरण्याचा नवा दर्शनी भाग, आणि तो जावात लिहिलेला होता. मागचे म्हातारे कोबोल आपले काम करीतच होते. खापर मात्र म्हाताऱ्याच्या माथी फुटले. यंत्रणेच्या देखभालीवर वर्षानुवर्षे पैसा न खर्चणाऱ्या सरकारला जुन्या भाषेकडे बोट दाखविणे सोयीचेच होते. ज्यांचे भत्ते अडकले त्यांना त्या निदानाने काय मिळाले?

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जो संबंध येतो तो बहुधा दुसऱ्या टोकाकडून येतो. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसणारा अभियंता पुष्कळदा भाषा निवडीत नाही. ती न्यूयॉर्कला किंवा लंडनला बसलेल्या गिऱ्हाइकाने निवडलेली असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन हजार सालचा तारखांचा घोळ निस्तरण्याचे काम भारतात आले तेव्हा कोबोल शिकलेल्या तरुणांना मोठी मागणी आली, आणि शतक उलटताच त्यांतील अनेकांना जावाची पाटी पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागली. तेव्हापासून हा फेरा चालूच आहे. खाजगी क्लासांच्या पाट्या दर चार-दोन वर्षांनी बदलतात. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या आईबापांना त्या पाट्यांवरील नावांतला फरक कळत नाही. आणि ज्या कंपन्यांत निवडीचा अधिकार येथील माणसांकडे असतो, तेथेही एक निराळीच विकृती दिसते. आपल्या पुढील नोकरीच्या अर्जात कोणते नाव शोभून दिसेल, या विचाराने चालू नोकरीतील भाषा सुचविली जाते. सुचविणारा दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातो. भाषा राहते, आणि ती न आवडणारे पण सोडता न येणारे कनिष्ठ अभियंतेही राहतात. चांगल्या व्यवस्थापकाने निवडीच्या बैठकीत सर्वांत बोलक्या माणसाऐवजी रात्री-अपरात्री बंद पडलेली सेवा सुरू करणाऱ्या माणसाला प्रथम विचारले पाहिजे. बहुतेक ठिकाणी त्याला बैठकीचे निमंत्रणच नसते.

या जुन्या हिशेबात आता एका नव्या आकड्याची भर पडली आहे. मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वत्र शिरली आहेत, आणि ज्या भाषेत जगात भरपूर मजकूर उपलब्ध आहे ती भाषा ही साधने अधिक सफाईने लिहितात. म्हणजे मोठ्या भाषा आणखी मोठ्या होणार आणि नव्या किंवा लहान भाषेला उंबरठा ओलांडणे पूर्वीपेक्षा कठीण जाणार. मराठी वाचकाला ही तक्रार वेगळ्या संदर्भात ओळखीची वाटेल. गिटहबने २०२५ च्या वार्षिक अहवालात त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये टाइपस्क्रिप्ट आपल्याकडील सर्वाधिक वापरली जाणारी भाषा झाल्याचे सांगितले, आणि यंत्राने लिहिलेल्या मजकुरातील चुका पकडण्यास तिची शिस्त उपयोगी पडते, असे त्याचे एक कारण दिले. गिटहब आणि टाइपस्क्रिप्ट यांचा मालक एकच आहे, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. यंत्र लिहिते म्हणून भाषा कोणतीही चालेल, असा एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. पण लिहिलेले वाचून त्याची जबाबदारी घेणारे माणूसच असते, आणि आपल्याला न येणाऱ्या भाषेतील दस्तऐवजावर सही करण्याची पाळी त्याच्यावर येते.

मायक्रोसॉफ्टच्या त्या घोषणेतील एक तपशील गदारोळात मागे पडला. ‘गो’मधील नवा कंपायलर सातव्या आवृत्तीचा असेल, सहावी आवृत्ती जुन्याच मजकुरावर निघेल आणि नवा कंपायलर पुरता मुरेपर्यंत जुन्याचा सांभाळ चालू राहील, असे हायल्सबर्ग यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. एवढ्या धनाढ्य कंपनीलाही काही काळ दोन चुली पेटत्या ठेवण्याचा खर्च आधीच मान्य करावा लागला. पुण्यातील पन्नास माणसांच्या कंपनीने भाषा बदलण्याचा ठराव करण्यापूर्वी दुसऱ्या चुलीच्या सरपणाची तजवीज ताळेबंदात कोणत्या रकान्यात दाखविली आहे, ते संचालकांनी विचारून घ्यावे.